दुसरी वेलांटी

छापखान्यात तिला वेलांटीबाई म्हणत. हजेरीच्या वहीत तिचं खरं नाव असणारच; पण ती वही मालकांच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली वेळेवर कधी सापडत नसे, त्यामुळे वेलांटीबाई हेच पक्कं झालं. बावीस वर्षं ती एकाच खिडकीशी, एकाच डुगडुगत्या टेबलापाशी बसून मुद्रितं तपासत होती. टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला जुना कागद होता. तोसुद्धा तिनं आधी वाचला, त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मगच पायाखाली सारला, असं जुळारी सांगे. जुळारी म्हणजे खिळे जुळवून मजकूर बांधणारा. त्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागे, पण हे मात्र खरं असावं.

तिच्याकडे दोन पेनं असत. लाल चुकीसाठी आणि हिरवं शंकेसाठी. चूक दिसली की ती विचारत बसत नसे, सरळ लाल फुली. पण लेखकाच्या मजकुरात काही खटकलं, तर समासात हिरवं प्रश्नचिन्ह काढायचं, त्याभोवती गोल करायचा आणि हात आवरायचा. मजकूर लेखकाचा, आपण अक्षरांचे राखणदार, हा तिचा नेम. बावीस वर्षांत तिनं कुणाचा एक शब्द स्वतःहून बदलला नव्हता. तरी मोठमोठे लेखक त्या हिरव्या गोलाला टरकून असत. एका कवीनं तर सहा गोल बघून आख्खी कविताच परत नेली, आणि छापखान्याचं मत असं, की दोघांनीही फार चांगलं काम केलं.

वेलांटीबाई हे नाव मात्र छापखान्यानं ठेवलेलं नव्हतं. ते तिनं घरूनच आणलं होतं.

आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि दादा पंधराचा. दादानं तिसरीतच शाळा सोडलेली. तो पहाटे गावाबाहेरच्या फळबागांत कामाला जाई, आणि जाताना मिठाच्या बरणीखाली तिच्यासाठी चिठ्ठी ठेवून जाई. 'उशीरा येईन. जेवून घे.' बहीण शाळेत जाऊ लागली आणि आठव्या वर्षी तिनं त्या चिठ्ठीत पहिली लाल खूण केली. उशीरा नाही, उशिरा. पहिली वेलांटी. दुरुस्त केलेली चिठ्ठी तिनं परत बरणीखाली ठेवली, म्हणजे दादाला दिसेल.

दादानं ती बघितली आणि हसून म्हणाला, "अगं, थोडा उशीर असता तर पहिली दिली असती. आज फार उशीर होता."

दादाचा नियम तो असा होता. छोट्या गोष्टीला छोटी वेलांटी, मोठ्या गोष्टीला मोठी. पहिली आणि दुसरी यातला फरक त्याला कुणी नीट शिकवलाच नव्हता, म्हणून त्यानं स्वतःच एक शास्त्र बनवून टाकलं. "मग कीड?" तिनं एकदा त्याला पकडलं. "कीड तर एवढीशी असते, तिला दुसरी कशाला?" दादा म्हणाला, "एवढीशी असते, पण खाते किती बघ की." कीड हा शब्द त्याचा बरोबर निघाला, याचं तिला फार वाईट वाटलं होतं. असे काही शब्द त्याच्या शास्त्रात आपोआप बरोबर यायचे. बहीण हा त्यातलाच एक. तो शब्द दादानं कधीही चुकवला नाही.

तर रोज सकाळी चिठ्ठी, रोज संध्याकाळी लाल खूण. दादा कामावर सगळ्यांना सांगे, आमच्या घरी एक वेलांटी आहे, फार कडक आहे. ती मोठी झाली, मॅट्रिक झाली, छापखान्यात लागली आणि पहिल्याच दिवशी तिला पोचवायला आलेला दादा दारातून ओरडला, "वेलांटे, डबा विसरलीस." झालं. जुळाऱ्यानं ते ऐकलं आणि पुढची बावीस वर्षं कुणाला दुसरं काही सुचलं नाही.

दादाचंही नाव पडलं होतं. त्याला औषधदादा म्हणत. तो विशीत असताना बागांमध्ये फवारणीचे डबे आले. मालकानं विचारलं, लेबल कुणाला वाचता येतं? दादाला येत होतं, निदान मोठी अक्षरं तरी. त्याच्या पाठीवर पंप चढला तो कायमचा. त्या डब्यातल्या पाण्याला सगळे औषध म्हणत. डबे विकणारे म्हणत, बागवाले म्हणत, दादाही म्हणे. झाडाला रोग पडला, औषध द्या. कीड लागली, औषध मारा. आणि औषध देणारा म्हटलं की त्याला मान आलाच. लोक त्याला खुर्ची देत, चहा देत, पान तोडून हातात ठेवत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसत. "माणसांचा डॉक्टर जीभ बघतो, मी पान बघतो," असं तो म्हणे. तिसरी शिकलेल्या माणसाला हे म्हणायला मिळतं, तेव्हा त्याची छाती किती फुगत असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

औषध तो हातानं कालवे. बाही कोपराच्या वर सारायची आणि पिंपात हात घालून ढवळायचं. काठीनं गुठळ्या राहतात, हाताला बरोबर कळतं, असं त्याचं म्हणणं. काम झालं की बागांच्या खालच्या अंगाला ओढा होता, तिथं एका सपाट दगडावर पंप धुवायचा, हातपाय धुवायचे आणि घरी यायचं. त्याच दगडावर लहानपणी ती पाय पाण्यात सोडून बसे. बोटाएवढे मासे यायचे आणि तळव्यांना टोचायचे. ती खिदळायची. दादा म्हणे, "हलू नकोस, तुझे पाय तपासतायत. चुका काढतील."

ते मासे कधी नाहीसे झाले हे तिनं पाहिलं नव्हतं. मोठी माणसं पाण्यात पाय सोडून बसत नाहीत, एवढंच.

छापखान्यात एक विज्ञानाचं मासिक छापलं जाई. त्यात लिहिणारे एक निवृत्त प्राध्यापक होते, कीटकांचे अभ्यासक. त्यांना मुंगीसर म्हणत, कारण कॉलेजात असताना उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग चालली होती म्हणून त्यांनी साठ मुलांना वीस मिनिटं वर्गाबाहेर उभं केलं होतं. माणूस अतिशय सौम्य आणि अक्षर अतिशय भयंकर. त्यांचं हस्तलिखित आलं की जुळारी आधी डोळ्यांना पाणी लावून यायचा.

त्यांनी एक लांबलचक लेख आणला. दोन वर्षं जाळी आणि बाटल्या घेऊन ते एका ओढ्याच्या काठानं हिंडले होते. फवारलेलं पाणी मातीत उतरतं, गाळात राहतं, गाळातून शेवाळात जातं, शेवाळातून किड्यात, किड्यातून माशात, माशातून बगळ्यात, आणि दर पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं, असं त्यांनी एकेक आकडा देऊन, पण घरात बसून बोलावं तसं साधं लिहिलं होतं. जुळाऱ्यानं लेख बांधता बांधता वाचला आणि दुपारचा डबा नुसताच उघडून बंद केला.

वेलांटीबाईनं मुद्रित हाती घेतलं. पहिली तीन पानं सुरळीत गेली. चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'बागांच्या खालच्या अंगाला ओढ्यात एक सपाट दगड आहे. फवारणी करणारे तेथे औषधाचे पंप धुतात. त्या दगडापासून खाली तीनशे पावलांपर्यंत मला दोन वर्षांत एकही मासा आढळला नाही.'

तिचं पेन थांबलं. तो दगड तिला ठाऊक होता. त्याच्यावर डाव्या बाजूला एक खोलगट जागा होती आणि ती बरोब्बर तिच्या मापाची होती.

बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत बसली. मग सवयीनं मजकुराकडे वळली, आणि तेव्हा तिला तो शब्द दिसला. आधी दिसत होताच, पण आता टोचला. औषध. औषधामुळे मासे मेले. औषधाने गाळ दूषित झाला. औषध बगळ्याच्या अंड्यात सापडले. तिनं मोजलं. एकेचाळीस वेळा. तिनं हिरवं पेन उचललं, पहिल्या औषधापुढं प्रश्नचिन्ह काढलं, गोल केला. इथं हात आवरायचा असतो. पण त्या दिवशी हात आवरला नाही आणि गोलाशेजारी तिनं एक शब्द लिहिला: 'कोणाचे?'

दुसऱ्या दिवशी मुंगीसर मुद्रित बघायला आले. तो गोल बघून ते टेबलाशी आले आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"बाई, सगळे औषधच म्हणतात हो. मी वेगळं काही लिहिलं तर कुणाला कळणार नाही."

"कळेल, सर. विष म्हटलं की कळेल."

"फार कडक होतं ते. बागेत काम करणाऱ्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. त्यांना ते लागेल."

"लागेल," ती म्हणाली. "माझा दादा तीस वर्षं हे कालवतोय. हातानं. कोपरापर्यंत."

सरांनी चष्मा काढला.

"औषध म्हणतात म्हणून तो हात घालतो, सर. विष म्हटलं असतं तर कुणी घातला असता का? त्याला कुणी फसवलं नाही. नुसता शब्द चुकीचा दिला."

सरांनी तिचं लाल पेन मागून घेतलं आणि एकेचाळीस ठिकाणी स्वतःच्या हातानं काट मारली. शेवटच्या काटेपाशी त्यांनी विचारलं, "तुमचे दादा वाचतात का आमचं मासिक?"

"मी तपासते म्हणून प्रत्येक अंक घेतात. मोठी अक्षरं वाचतात."

"मग त्यांना वाईट वाटेल."

"हो," ती म्हणाली. ज्या माणसानं तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्याच्या आयुष्यभराच्या मानावर तिनं शाई ओतली होती. हे तिला त्याच क्षणी पुरतं कळत होतं. तरी तिनं मुद्रित जुळाऱ्याकडं दिलं.

जुळारी कुरकुरला, कारण मोठा शब्द काढून छोटा घातला की ओळी सैल पडतात आणि सगळी पानं पुन्हा आवळावी लागतात. पण काम करता करता म्हणाला, "बाई, गंमत बघा. ष तसाच ठेवला तरी चालतोय. दोन्हीकडे तोच. नुसते आजूबाजूचे खिळे बदलायचे." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "तसाही माझ्याकडचा औ झिजलाच होता."

अंक निघाला आणि आठ दिवसांत गावभर झाला. चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, विषदादा आले, त्यांचा कप वेगळा ठेवा रे. म्हणणाऱ्यानं ते चेष्टेत म्हटलं असेल. दादानं चहा तसाच ठेवला आणि घरी आला. बहीण लग्न न करता त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहत होती. वहिनीचं आणि तिचं चांगलं जमे. दादानं अंक टेबलावर ठेवला.

"हे तुमच्याकडे छापलं?"

"हो."

"तू तपासलंस?"

"हो, दादा."

"शब्द त्या सरांचा आहे ना?"

हो म्हणाली असती तर ते खोटंही ठरलं नसतं. काट सरांच्या हातची होती. वहिनी तर पाठीमागून तिला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण म्हणून. पण अक्षरांच्या राखणदारीत माणसाला काही वाईट सवयी लागतात.

"शब्द माझा आहे," ती म्हणाली. "तू त्यात हात घालतोस म्हणून."

दादा अगदी हळू म्हणाला, "याच औषधावर तुला वाढवलं मी." आणि अंगणात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी नव्हती. पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं. मधल्या काळात चिठ्ठीची गरज कधीच संपली होती, घरात वहिनी होती, जेवून घे म्हणून सांगायला माणूस होतं. तरी ती येत राहिली होती. आता ती थांबली. दादा भांडला नाही, टाकून बोलला नाही, ताटावर बसला की "मीठ दे" एवढं म्हणे. वहिनी बरणी पुढं करी. ती बरणी उचललेली बघणंही वेलांटीबाईला नको होई.

इकडे मासिकानं मुंगीसरांकडून दर महिन्याला एक लेख घ्यायचं ठरवलं. गाळाबद्दल, मधमाश्यांबद्दल, विहिरींबद्दल, फवारणाऱ्यांच्या हातांबद्दल. आणि पत्रं यायला लागली. आधी दोन-चार, मग पोस्टमन पिशवी घेऊनच यायचा. शाळेच्या मास्तरांनी मुलांना ओढ्याकाठी नेऊन बेडूक मोजायला लावले आणि आकडे पाठवले. एका दाईनं लिहिलं, एका मधवाल्यानं रिकाम्या पेट्यांची यादी पाठवली. ही सगळी माणसं आपापल्या अंगणात काहीतरी बिनसलंय हे बघत होती, पण त्याला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आता शब्द मिळाला होता.

डबे बनवणाऱ्या कारखान्याचा एक माणूस छापखान्यात आला. गोड बोलणारा. म्हणाला, विष हा शब्द भडक आहे, त्याऐवजी 'पीकसंरक्षक द्रव' असं लिहावं, ते शास्त्रीय आहे. संपादकांनी त्याला वेलांटीबाईंकडे पाठवलं. तिनं त्याचा कागद वाचला आणि म्हणाली, "संरक्षकमधला अनुस्वार राहिलाय तुमचा. बाकी मजकूर तुमचा, माझं काही म्हणणं नाही." त्यानंतर तो आला नाही. जुळारी हा प्रसंग सांगताना त्या माणसाला कोपऱ्यात रडवतो, पण तसं काही झालं नव्हतं.

वर्ष होत आलं तेव्हा सरकारनं एक समिती नेमली. ती गावोगाव जाऊन ऐकून घेणार होती आणि मग नियम करणार होती. मासिकानं जाहीर केलं, की प्रत्यक्ष फवारणाऱ्यांची पत्रं पुढच्या अंकात छापू आणि तो अंक समितीपुढं ठेवू. पण फवारणाऱ्यांपैकी कुणाचं पत्र येईना. कोण आपणहून लिहील?

त्याच सुमाराला एका सकाळी भांडी विसळताना वहिनी म्हणाली, "तुला म्हणून सांगते. हे सगळे लेख वाचतात ते. बागेत नेऊन. एकेका शब्दाखाली बोट ठेवून. तो हातांचा होता ना लेख, तो तर चार दिवस वाचत होते."

"काही म्हणाला?"

"म्हणाले काही नाही. पण हल्ली कप दोन्ही हातांनी धरतात, बघितलंस का?"

तिनं बघितलं नव्हतं. वर्षभर ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत गोळा करत होती, हातांकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. त्या रविवारी ती ओढ्यावर गेली. दगड कोरडा होता. वर, बांधाच्या पलीकडे, पाण्यापासून चांगलं शंभर पावलांवर एक खोल खड्डा खणलेला होता, तळाशी कोळसा आणि चुना, कडेला धुतलेला पंप उपडा. पंपाच्या दांड्यावर रबराचे हातमोजे वाळत होते. ती तशीच उभी राहिली, आणि मग तिला फार रडू आलं.

बुधवारी टपालात एक पाकीट आलं. पत्ता संपादकांचा आणि अक्षर दादाचं, पण कापरं. ज्या घरात ती राहत होती त्याच घरातून तिकीट लावून आलेलं पत्र. संपादकांनी ते वाचलं, जुळाऱ्याकडं दिलं, आणि तासाभरानं मुद्रित तिच्या टेबलावर आलं.

मुद्रितात सगळं नीट होतं. एकही चूक नव्हती, आणि दादाच्या पत्रात एकही चूक नसावी हे तिला काही पटेना. तिनं मूळ कागद मागवून घेतला.

'संपादक यांस. मी तीस वर्षे बागांना फवारणी केली. ज्याला औषध म्हणत होतो ते वीष आहे. हे मला सांगीतले तेव्हा राग आला. माझी बहीण म्हणते ते खरे आहे. तो दगड माझा आहे. तेथे पंप मी धुतले. आता खड्डा खणला आहे, कोणास बघायचा असल्यास दाखवीन. हात कापतो म्हणून अक्षर वाईट आहे.'

जुळाऱ्यानं बावीस वर्षांच्या धाकानं विषाची वेलांटी आपोआप पहिली करून टाकली होती. सांगीतलेचं सांगितले केलं होतं. एरवी तिनं त्याला शाबासकी दिली असती.

ती त्या कागदाकडं बघत राहिली. वीष. बहीण. एकाच ओळीच्या अंतरावर दोन दुसऱ्या वेलांट्या, कापऱ्या हातानं नीट वरपर्यंत ओढलेल्या. एक चुकीची, एक बरोबर, आणि दोन्ही एकाच नियमानं काढलेल्या. मोठ्या गोष्टीला मोठी. वर्षभर तो तिच्याशी धड बोलला नव्हता, आणि इतक्या दिवसांचं सगळं त्यानं या दोन वेलांट्यांत लिहून टाकलं होतं.

तिनं हिरवं पेन उचललं नाही. शंका काही नव्हती. लाल पेन घेतलं, 'विष' या बरोबर शब्दावर फुली मारली आणि समासात लिहिलं: 'दुसरी वेलांटी. मुळाप्रमाणे.'

जुळारी मुद्रित घेऊन परत आला. "बाई, बरं नाही का वाटत?"

"बरं आहे."

"हे चूक आहे."

"माहीत आहे. लावा."

"लोक मला शिव्या घालतील."

"मला घालतील. नाव माझं आहे ना त्या खुणेला."

अंक निघाला. समितीच्या बैठकीत मुंगीसरांनी दादाचं पत्र वाचून दाखवलं, आणि सभागृहात मागच्या बाकांवर बसलेले चार फवारणारे एकामागून एक उठून बोलले. पुढं नियम झाले. वाहत्या पाण्यात पंप धुवायचा नाही, ओढ्यापासून अमुक पावलं फवारायचं नाही, हातमोज्यांशिवाय डबा विकायचा नाही, आणि डब्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत विष असं लिहायचं. तो शब्द कुठल्या टेबलावरून निघाला हे कुठल्याही अहवालात आलेलं नाही. समितीनं दादाला विनंती केली, की बाकीच्या बागांतही तसेच खड्डे कसे खणायचे ते दाखवा. पुन्हा लोक त्याला खुर्ची देऊ लागले. एका निवृत्त मास्तरांचं मात्र कडक पत्र आलं, की आपल्या मासिकात विष हा शब्द चुकीचा छापला गेला हे पाहून धक्का बसला, वेलांटीबाई रजेवर आहेत काय? जुळाऱ्यानं ते भिंतीला लावलं.

पण हे सगळं नंतरचं. अंक घरी आला त्या संध्याकाळी दादा खिडकीशी बसून वाचत होता. ती कामावरून आली, चप्पल काढली, आणि दारातच थांबली. त्याचं बोट ओळीखालून सरकत होतं. ते एका जागी अडलं.

"हे चुकलंय," तो म्हणाला. वर न बघता. "सरांच्या लेखांत सगळीकडे पहिली होती. वर्षभर बघतोय मी."

"हो. चुकलंय."

"तुझ्या नजरेतून सुटलं?"

"नाही सुटलं. मोठ्या गोष्टीला मोठी, तूच म्हणायचास."

दादाचं बोट पुढच्या ओळीवर गेलं आणि पुन्हा थांबलं. "आणि ही? बहीण?"

"ती बरोबर आहे, दादा. ती तू पहिल्यापासून बरोबर लिहितोस."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "हात धुऊन ये, चहा थंड होतोय," आणि पान उलटायला त्याला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा दादा बागेत कुणाला तरी आपला खड्डा दाखवायला गेलेला होता. मिठाची बरणी किंचित तिरकी दिसत होती. तिनं ती उचलली.

'दगडापाशी बेडूक आला आहे. मासे अजून नाहीत. उशीरा येईन. जेवून घे.'

तिनं पिशवीतून लाल पेन काढलं, उशीराची दुसरी वेलांटी पहिली केली आणि चिठ्ठी परत बरणीखाली ठेवली.